फाइलींचा शोध, नक्कल आणि मूळ स्थानाचा प्रश्न

कागदपत्रांच्या आधारे संशोधन करणाऱ्या अभ्यासकाची सामग्री पूर्वी टिपणवह्यांत आणि हस्तलिखित नकलांत साठत असे. आज ती बहुतांशी कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रांच्या रूपाने संगणकावर साठते. दफ्तरखान्याच्या एका भेटीत तीनचारशे चित्रे सहज घेतली जातात. वेळ संपत आलेली असल्यामुळे ती घाईने एखाद्या डिस्कवर उतरविली जातात, त्या क्षणी सुचेल त्या नावाचा फोल्डर केला जातो, आणि कॅमेऱ्याने स्वतःच्या रीतीने केलेले उपफोल्डर त्याच्या पोटात जसेच्या तसे येऊन पडतात. पुढे दोनचार वर्षांनी प्रबंधाचे लेखन सुरू झाले म्हणजे कोणते चित्र कोठे आहे, किंबहुना एकंदर उपफोल्डर किती आहेत, हेही सांगता येत नाही. अशा वेळी सर्व चित्रे शोधून काढावीत आणि त्यांची एकाच फोल्डरात नक्कल करून ठेवावी, हा विचार सुचणे स्वाभाविक आहे. संगणकाला ते काम सांगणेही फारसे अवघड नाही. तथापि हे काम सामान्यतः ज्या रीतीने केले जाते, त्या रीतीने चित्रे एकत्र येतात खरी, पण पुरावा म्हणून असलेले त्यांचे मोल बरेचसे नष्ट होते. असे का होते आणि ते कसे टाळता येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

फाइल आणि तिचे नाव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. चित्राची फाइल म्हणजे डिस्कवर लिहिलेल्या बाइटांचा एक क्रम. त्या क्रमात चित्र असते, बहुधा कॅमेऱ्याचे नाव आणि चित्र घेतल्याची तारीख व वेळही असते. पण ती फाइल कोणत्या फोल्डरात ठेवली आहे, हे त्यात लिहिलेले नसते. युनिक्स आणि तिच्या वळणाने घडलेली लिनक्स या प्रणालींत ही फारकत अगदी स्पष्ट आहे. तेथे फोल्डर म्हणजे नावांची आणि क्रमांकांची केवळ एक यादी होय. अमुक नावाची वस्तू अमुक क्रमांकाला पाहावी, एवढेच ती सांगते. त्या क्रमांकाच्या नोंदीत फाइलीचा आकार, मालक, शेवटच्या बदलाची वेळ, डिस्कवरील जागा हे सर्व असते. नाव तेवढे नसते. विंडोजच्या एनटीएफएस या रचनेत नाव आणि वरच्या फोल्डराचा निर्देश ही दोन्ही फाइलीच्या मुख्य नोंदीत राहतात, म्हणून तपशील थोडा वेगळा आहे. पण तेथेही नाव हा फाइलीतील मजकुराचा भाग नव्हे. मूळ फोल्डरापासून फाइलीपर्यंत लागणाऱ्या सर्व फोल्डरांची नावे क्रमाने जोडली म्हणजे जो निर्देश तयार होतो, त्यास मार्ग म्हणतात. हा मार्ग फाइलीच्या बाहेर, फोल्डरांच्या रचनेत असतो. त्यामुळे फाइल त्या रचनेतून उचलून अन्यत्र ठेवली की तिच्यातील एकही बाइट न बदलता तिचा मार्ग नाहीसा होतो. पुढील सर्व विवेचनाचा आधार हाच आहे.

फोल्डरात फोल्डर ठेवण्याची ही पद्धत आज अगदी सहज वाटते. पण ती मुद्दाम योजून काढावी लागली. मल्टिक्स या प्रणालीची आखणी चालू असताना डेली आणि न्यूमन या दोघांनी १९६५ साली एका निबंधात वृक्षाकार फाइलरचना तपशिलाने मांडली आणि पुढे युनिक्सने ती आपलीशी केली. घरगुती संगणकांकडे ती उशिरा आली. १९८१ मधील एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत उपफोल्डर नव्हतेच; १६० किलोबाइटांच्या फ्लॉपीवर सर्व फाइली एकाच यादीत राहत आणि ती यादी ६४ नावांनी भरून जाई. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीने उपफोल्डरांची सोय केली. ६४ नावांच्या यादीत वस्तू हरवणे कठीण होते. ती अडचण उपफोल्डरांनी दूर केली, असे कोणी म्हटल्यास ते फारसे वावगे होणार नाही.

उपफोल्डर किती आहेत आणि किती खोल आहेत हे ठाऊक नसताना त्यांत शोध कसा घेता येतो, याचे उत्तर वृक्षाच्या या रचनेतच आहे. शोध घेणारी आज्ञा पहिल्या फोल्डराची यादी वाचते. यादीतील प्रत्येक नावापाशी ती एकच प्रश्न विचारते : ही फाइल आहे की फोल्डर? फाइल असेल तर ती हव्या त्या कसोटीला उतरते की नाही हे पाहते. फोल्डर असेल तर त्यात शिरून तेथेही हेच सर्व पुन्हा करते, आणि तो संपला म्हणजे मागे येऊन अर्धवट राहिलेली यादी पुढे चालू करते. कोठून आत शिरलो, एवढे तिने लक्षात ठेवले म्हणजे पुरे. खोली दोनची असो वा वीसची, पद्धतीत फरक पडत नाही. म्हणून ‘अज्ञात’ हे विशेषण माणसाला अडवते, संगणकाला अडवत नाही. अडचण येते ती दोनच ठिकाणी. वरच्या फोल्डराकडे परत नेणारा सांकेतिक दुवा आत कोठे असेल आणि आज्ञेला असे दुवे अनुसरण्यास सांगितले असेल, तर ती फिरून त्याच जागी येऊ शकते. आणि नक्कल ठेवावयाचा फोल्डर शोधाच्या मूळ फोल्डरातच केला असेल, तर नुकत्याच केलेल्या नकलाही नव्याने सापडलेल्या फाइली म्हणून पुढे येतात. यास्तव नकलेचे स्थान शोधाच्या कक्षेबाहेर, शक्य तर दुसऱ्या डिस्कवर असावे.

युनिक्समधील ‘फाइंड’ ही आज्ञा याच कामासाठी आहे. १९७० नंतरच्या दशकात बेल प्रयोगशाळांतील प्रोग्रॅमर्स वर्कबेंच या उपक्रमात डिक हाइट यांनी ती लिहिली, आणि तिच्याबरोबर ‘सीपीआयओ’ ही दुसरी आज्ञाही लिहिली. पहिलीने मार्गांची यादी द्यावी आणि दुसरीने ती यादी वाचून फाइलींची नक्कल करावी, अशी ही जोडी होती. यात एक गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. सीपीआयओला फाइलीबरोबर तिचा मार्गही मिळतो आणि नवीन ठिकाणी ती तोच मार्ग पुन्हा उभारते. म्हणजे शोधणे आणि नक्कल करणे ही कामे ज्या वेळी प्रथम एकत्र आली, त्या वेळी मार्ग जपणे हे त्यांत गृहीतच होते. आजची प्रचलित सवय मात्र निराळी आहे : फाइंडने सापडलेली प्रत्येक फाइल ‘सीपी’ या साध्या आज्ञेच्या हवाली करावयाची आणि सर्व नकला एकाच फोल्डरात टाकावयाच्या. विंडोजमध्ये शोधखिडकीत एक्स्टेन्शन लिहून आलेली सर्व फळे निवडणे आणि ती नव्या फोल्डरात चिकटविणे, हे याच सवयीचे दुसरे रूप होय.

या सवयीचे परिणाम पाहण्यापूर्वी शोधाच्याच काही उणिवांचा विचार केला पाहिजे; कारण जे सापडलेच नाही त्याची नक्कल कशी केली, हा प्रश्न उद्भवत नाही आणि ते राहून गेल्याचे कोणाला कळतही नाही. एकाच जातीच्या चित्रांची नावे कोठे ‘जेपीजी’ने संपतात, कोठे ‘जेपीईजी’ने, कोठे ही अक्षरे मोठी रोमन असतात, कोठे लहान. विंडोज मोठ्या-लहान अक्षरांत भेद मानत नाही, लिनक्स मानते. म्हणून फाइंडला ‘नेम’ या विकल्पाऐवजी ‘आयनेम’ हा विकल्प देणे इष्ट; त्याने हा भेद दुर्लक्षिला जातो. उलट विंडोजच्या आज्ञाखिडकीत कधीकधी मागितले त्याहून अधिकच हाती येते. ‘एचटीएम’ अखेरीस असलेल्या फाइली मागितल्या असता ‘एचटीएमएल’ अखेरीस असलेल्याही पुढे येतात. कारण जुन्या डॉसच्या काळातील आठ-अधिक-तीन अक्षरांचे आखूड नाव अनेक डिस्कांवर प्रत्येक फाइलीला मुकाट्याने दिलेले असते आणि त्या नावात चौथे अक्षर कापले जाते. एक्स्टेन्शनच चुकीचे किंवा गळालेले असेल तर नावावरून शोध घेण्यात अर्थ उरत नाही. अशा वेळी फाइलीच्या आरंभीच्या बाइटांकडे पाहावे लागते. जेपीईजी चित्राची पहिली दोन बाइट नेहमी २५५ आणि २१६ अशी असतात. युनिक्समधील ‘फाइल’ याच नावाची आज्ञा अशा खुणा वाचून फाइलीची जात सांगते.

विंडोजच्या शोधखिडकीबद्दल एक गैरसमज आढळतो. ती दरवेळी सर्व डिस्क पालथी घालते असे नाही. ठराविक फोल्डरांची सूची ती आधीच करून ठेवते आणि फाइलींतील मजकुराचा शोध बहुतांशी त्या सूचीवरच चालतो. नुकतीच जोडलेली बाह्य डिस्क सामान्यतः सूचीत नसते. म्हणून ‘शोधले, मिळाले नाही’ या विधानाला, नेमके कोठे शोधले हे सांगितल्याशिवाय, संशोधनात किंमत देता येत नाही.

देवनागरी नावांच्या बाबतीत तर आणखी एक सूक्ष्म अडचण आहे आणि तिची दखल क्वचितच घेतली जाते. एखाद्या फोल्डराला ‘दुसऱ्या भेटीतील चित्रे’ असे नाव दिले आहे असे समजा. त्यातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी लिहिलेले असू शकते. एका प्रकारात ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलंताची खूण लागते, दुसऱ्यात साध्या ‘र’ला नुक्ता आणि मग हलंत, तिसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे जोडणीचे अदृश्य चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमांनी समतुल्य मानलेले आहेत, तिसरा तसा मानलेला नाही. आणि शोध घेणाऱ्या पुष्कळशा आज्ञा समतुल्यतेचा विचार न करता बाइटांशी बाइट ताडून पाहतात. कोणता प्रकार वापरला जाईल हे टंकणाऱ्याच्या कीबोर्डावर अवलंबून असते. त्यात ॲपलच्या संगणकांवरील एचएफएस प्लस ही जुनी फाइलरचना समतुल्य नावे फोडून साठवीत असे, म्हणजे पहिल्या प्रकाराने लिहिलेले नाव दुसऱ्या प्रकाराचे होऊन बसे. २०१७ पासून तेथे एपीएफएस ही नवी रचना आली व तिने हे फोडणे सोडून दिले, तरी जुन्या डिस्कांवरून आलेली नावे तशीच आहेत. ‘ॲ’ या अक्षराची कथा याहून वेगळी नाही. हे स्वतंत्र वर्ण म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. तत्पूर्वी, आणि कित्येकांच्या हातून आजही, ते ‘अ’ला अर्धचंद्र जोडून लिहिले जाते. या दोहोंत समतुल्यता मानलेली नाही. मग ‘ॲ’ने आरंभ होणारी फाइल समोर दिसत असून शोधात सापडत नाही आणि संगणक बिघडला असा समज होतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे अनुस्वार जपून नावे देणारे अभ्यासक अजून आहेत; ‘नांवें’ आणि ‘नावे’ यांत संगणकाच्या दृष्टीने काडीचेही नाते नाही, हे त्यांना निराळे सांगावयास नको.

या सर्वांवर एकच उपाय खात्रीचा आहे. आरंभी कोणत्याही नावाने शोध घेऊच नये. डिस्कवरील झाडून सर्व फाइलींची, त्यांच्या मार्गांसह, आकारांसह आणि तारखांसह, एक यादी करवून घ्यावी व ती साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवावी. फाइंडला कसोटी न देता चालविले की अशी यादी मिळते. विंडोजमध्ये ‘डिर’ या आज्ञेला उपफोल्डरांचा विकल्प देऊन मिळते. यादी करताना ज्या फोल्डरांत प्रवेश नाकारला गेला त्यांची नावे चुकीच्या संदेशांतून येतात. ती पडद्यावरून वाहून जाऊ न देता तीही निराळ्या फाइलीत साठवावीत. यादी हातात आली म्हणजे काय आहे आणि काय नाही हे डोळ्यांनी पाहता येते, आणि कसोटी लावण्याचे काम त्यानंतर यादीवरच करता येते. अनेकांना हा द्राविडी प्राणायाम वाटतो. परंतु हजारो फाइलींची यादी काही क्षणांत होते आणि तिच्यामुळे वाचणारे श्रम महिन्यांचे असतात.

आता नकलेकडे वळावयास हरकत नाही. कॅमेऱ्यांच्या फाइलींची नावे कॅमेऱ्याच्या मर्जीवर नसतात. १९९८ पासून प्रचारात आलेल्या ‘डीसीएफ’ या जपानी मानकाने ती ठरविली आहेत. त्यानुसार ‘डीसीआयएम’ या फोल्डरात १०० ते ९९९ पर्यंतच्या तीन अंकांनी सुरू होणारे उपफोल्डर असतात, आणि फाइलीच्या नावात चार अक्षरांनंतर ०००१ ते ९९९९ पर्यंतचा चार आकडी क्रमांक असतो. हा क्रमांक संपला की पुढचा उपफोल्डर निघतो आणि मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते. काही कॅमेऱ्यांत कार्ड बदलले किंवा पुसले की तसे होते, काहींत ती मोजणी चालू ठेवण्याची सोय असते. तात्पर्य, निरनिराळ्या भेटींत घेतलेल्या चित्रांना एकच नाव असणे हा अपघात नव्हे. मानकाचाच तो परिणाम आहे.

समजा, तीन भेटींत प्रत्येकी ४०० चित्रे घेतली आणि प्रत्येक भेटीची मोजणी ०००१ पासून सुरू झाली. ती १२०० चित्रे तीन उपफोल्डरांत सुखरूप आहेत. फाइंडने प्रत्येक फाइल शोधून तिच्यासाठी सीपी ही आज्ञा स्वतंत्रपणे चालविली आणि सर्व नकला एका फोल्डरात टाकल्या, तर त्या फोल्डरात अखेर ४०० चित्रे उरतात. दुसऱ्या भेटीतील पहिले चित्र पहिल्या भेटीतील पहिल्या चित्रावर लिहिले जाते, त्यावर तिसऱ्या भेटीतील, आणि या घडामोडीत संगणक एक अक्षरही उच्चारत नाही. विंडोजची खिडकी निदान विचारते. परंतु शेकडो फाइलींच्या वेळी येणाऱ्या त्या प्रश्नाला ‘सर्वांसाठी हेच’ असे उत्तर देण्याचा मोह आवरणे कठीण असते, आणि दोन्ही ठेवावयास सांगितले तरी नावापुढे कंसात लागणारा आकडा कोणती भेट हे सांगत नाही. मूळ डिस्क शाबूत असेपर्यंत ही हानी भरून काढता येते. तथापि एकत्र केलेला संग्रह पूर्ण आहे अशा समजुतीने मूळ डिस्क पुसून दुसऱ्या कामाला घेतली, तर ८०० चित्रे कायमची गेली. ज्या कागदांची स्थिती नाजूक झाल्यामुळे ते पुन्हा हाताळावयास मिळत नाहीत, त्यांच्या बाबतीत या हानीला भरपाई नाही.

नावे एक झाली नाहीत असे क्षणभर धरले, तरी दुसरी हानी उरतेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत हे अभ्यासकांस विदित आहे. रुमालातील कागदाला स्वतःचा मजकूर असतो, तसाच शेजारही असतो. ज्या पत्रावर तारीख नाही त्याचा काळ बरोबरच्या पत्रांवरून ठरविता येतो. ज्या हिशेबाला शीर्षक नाही त्याचा विषय तो कोणत्या गठ्ठ्यात सापडला यावरून कळतो. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड निघाले. त्या खंडांचे ऋण मोठे आहे. परंतु ते निवडलेले कागद आहेत, आणि निवडलेल्या कागदाच्या शेजारी मुळात काय होते हे पाहावयाचे असेल तर रुमालाकडेच परतावे लागते. म्युलर, फाइथ आणि फ्राउन या तीन डच अभिलेखपालांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत दफ्तराची मूळ मांडणी मोडू नये हे तत्त्व नियम म्हणून सांगितले, ते याच कारणासाठी. संशोधकाच्या डिस्कवरील ‘रुमाल १२’ या नावाचा उपफोल्डर हा या साखळीतील शेवटचा दुवा असतो. चित्रातील मोडी पत्रावर रुमालाचा क्रमांक लिहिलेला नसेल, तर तो क्रमांक फक्त मार्गात आहे. आणि मार्ग नकलेबरोबर आला नाही, तर प्रबंधाच्या तळटीपेत त्या पत्राचे स्थान काय म्हणून द्यावयाचे? चित्र घेतल्याची तारीख फाइलीत असते हे खरे. पण एका दिवशी तीन रुमाल पाहिले असतील तर तारखेचा उपयोग नाही, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ कोणी लावलेलेच नसेल तर तारीखच खोटी असते.

यास्तव नक्कल मार्गासह करावी, हा नियम. त्यासाठी साधने पुरेशी आहेत. लिनक्समधील सीपीला ‘पेरेंट्स’ हा विकल्प दिला म्हणजे ती फाइलीबरोबर तिच्या वरच्या फोल्डरांची रांगही उभारते. बरोबर ‘प्रिझर्व’ दिला म्हणजे बदलाची मूळ तारीखही टिकते, एरवी सर्व नकलांवर आजची तारीख पडते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली पुढे आणलेली ‘आरसिंक’ ही आज्ञा उपफोल्डरांची रचना स्वभावतःच राखते, आणि मध्ये वीज गेली तर झालेले काम सोडून उरलेले करते. विंडोजमध्ये ‘रोबोकॉपी’ आहे. व्हिस्टापासून ती प्रणालीबरोबरच येते. तिला मूळ फोल्डर, नवा फोल्डर, हव्या त्या नावांचा नमुना आणि उपफोल्डरांसाठी ‘एस’ हा विकल्प एवढे सांगितले की काम भागते.

रोबोकॉपीच्या दोन खोडी मात्र माहीत असाव्यात. एखादी फाइल वाचता आली नाही तर ती ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि निराळे सांगितले नसेल तर असे दहा लाख वेळा करते. म्हणजे एका बिघडलेल्या फाइलीपायी ती सुमारे ३४७ दिवस वाट पाहण्यास सिद्ध असते. प्रयत्नांची संख्या एक किंवा दोन अशी देऊन ठेवणे शहाणपणाचे. दुसरी खोड धोक्याची आहे. ‘एमआयआर’ या विकल्पाने नवा फोल्डर मुळाचे तंतोतंत प्रतिबिंब केला जातो. मुळात नसलेले आणि नव्यात असलेले सर्व काही त्यात पुसले जाते. मूळ आणि नवा यांची नावे उलटसुलट दिली गेली तर रिकाम्या फोल्डराचे प्रतिबिंब म्हणून भरलेली डिस्क रिकामी होते. ज्यास केवळ नक्कल हवी त्याने या विकल्पाच्या वाटेस जाऊ नये.

सर्व फाइली एकाच फोल्डरात असल्याच पाहिजेत, असेही काही प्रसंग येतात; मुद्रित अक्षरे ओळखणाऱ्या काही प्रोग्रॅमांना उपफोल्डर चालत नाहीत. तेथे मार्गच नावात गुंफावा. फोल्डरांची नावे क्रमाने जोडरेषांनी सांधून त्यापुढे फाइलीचे मूळ नाव लिहिले म्हणजे नावे एक होण्याची भीती जवळजवळ राहत नाही आणि स्थानही डोळ्यांसमोर राहते. परंतु देवनागरी नावांची येथे पंचाईत होते. लिनक्सच्या ईएक्सटी४ या रचनेत नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. म्हणजे ८५ वर्ण झाले की जागा संपली. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सर्व स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जातात. ‘रुमाल’ हा तीन अक्षरांचा शब्द पाच वर्णांचा, म्हणून पंधरा बाइटांचा होतो. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादेचा आकडा २५५ च असला तरी तो बाइटांचा नसल्याने तेच नाव तेथे सहज मावते. त्यामुळे एका संगणकावर बिनतक्रार राहिलेले लांब नाव दुसऱ्यावर नक्कल करताना नाकारले जाते. विंडोजमध्ये याखेरीज सबंध मार्गाची २६० वर्णांची जुनी मर्यादा अनेक प्रोग्रॅमांत अद्याप पाळली जाते. संक्षिप्त खुणा ठरवून त्यांचा तक्ता जवळ ठेवणे हाच येथे व्यवहार्य उपाय दिसतो.

नक्कल झाल्यावर ती पूर्ण व अचूक आहे याची खात्री केली पाहिजे. पहिली परीक्षा संख्येची : आरंभी केलेल्या यादीत कसोटीला उतरणाऱ्या फाइली १२०० असतील तर नव्या ठिकाणीही १२०० च हव्यात. दुसरी परीक्षा एकूण बाइटांची. तारखांवरून तुलना करणे मात्र फसवे असते. फॅट या जुन्या रचनेच्या पेनड्राइव्हवर बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच लिहिली जाते आणि तीच फाइल निराळी भासू लागते. तिसरी व निर्णायक परीक्षा चेकसमची होय. फाइलीतील सर्व बाइटांवर ठराविक गणित करून एक संख्या काढली जाते. ‘शा-२५६’ या पद्धतीत ती षोडशमान अंकांत लिहिली असता ६४ अंकांची होते. एक बिट बदलला तरी ती संख्या साफ बदलते, आणि दोन भिन्न फाइलींची एकच संख्या यावी हे व्यवहारात घडत नाही. लिनक्समध्ये आणि विंडोजमध्येही ही संख्या काढणाऱ्या आज्ञा प्रणालीबरोबरच मिळतात. मूळ फाइलींच्या संख्यांची यादी एकदा करावी आणि नकलांच्या संख्या तिच्याशी ताडाव्यात. त्याच यादीवरून एक चित्र तीन ठिकाणी साठविले आहे काय, हेही उघडकीस येते. तसे आढळले म्हणजे त्यांतील दोन तत्काळ पुसण्याची घाई करू नये; एकच चित्र ‘रुमाल १२’ आणि ‘वतनाचे कागद’ अशा दोन फोल्डरांत ठेवलेले असेल तर पहिला मार्ग कागदाचे स्थान सांगतो आणि दुसरा संशोधकाचा अर्थ सांगतो. दोन्ही मार्ग नोंदवून झाल्यावर मग काय ते करावे.

ग्रंथालयांच्या क्षेत्रात या सर्व दक्षतेला एक ठरीव रूप मिळालेले आहे. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांनी मिळून विकसित केलेली ‘बॅगइट’ ही पद्धत २०१८ साली आरएफसी ८४९३ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. तीत सर्व सामग्री मूळ उपफोल्डरांसह एका फोल्डरात ठेवली जाते आणि शेजारी साध्या मजकुराच्या एका फाइलीत प्रत्येक ओळीवर एक चेकसम आणि त्यापुढे त्या फाइलीचा मार्ग लिहिला जातो. विशेष साधन नसले तरी ही यादी कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते. प्रबंधासाठी जमविलेली चित्रे विभागाच्या संग्रहात देताना ती या रूपात दिली, तर पुढच्या अभ्यासकाला कोणाला विचारावयास जाण्याचे कारण पडणार नाही.

इतकी व्यवस्था केली तरी मार्ग फाइलीच्या बाहेर राहतो, ही मूळ स्थिती बदलत नाही. ती बदलण्याचा एक उपाय कॅमेरा हाती असतानाच करता येतो. प्रत्येक रुमाल सोडल्यावर पहिले चित्र एका चिठ्ठीचे घ्यावे. तीवर दफ्तरखान्याचे नाव, रुमालाचा व पुडक्याचा क्रमांक आणि त्या दिवसाची तारीख ठळक अक्षरांत लिहावी, आणि जागा असेल तर तीच चिठ्ठी प्रत्येक कागदाच्या कडेला ठेवून पुढील चित्रे घ्यावीत. असे केल्यावर क्रमांक चित्राच्या आतच राहतो. मग फाइलीचे नाव बदलो, ती कोणत्याही उपफोल्डरात जाऊन पडो, तो तिच्याबरोबर जातो. चिठ्ठीने कागदावरील एकही अक्षर झाकले जाणार नाही, एवढे मात्र पाहिले पाहिजे.